झाड अंगणातले, निर्णय सगळ्यांचा

मे महिना सरत आला, की शहरातल्या अनेक सोसायट्यांच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. पार्किंगवर ओणवलेले मोठे झाड. मागच्या पावसाळ्यात त्याची एक फांदी गाडीवर पडलेली असते. या वेळी माणसावर पडली तर, ही भीती खोटी नसते. मग कुणीतरी झाडे तोडणाऱ्याला फोन लावतो आणि तो सांगतो, ‘रविवारी पहाटे येतो, दोन तासांत काम उरकतो.’ रविवार आणि पहाट का, हे कुणी विचारत नाही. खरे तर तिथेच थांबून चौकशी करायला हवी.

झाड आपल्या आवारात आहे म्हणजे ते हवे तेव्हा तोडता येते, हा समज सर्वत्र आढळतो. महाराष्ट्रातील महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीत १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. या कायद्यात संरक्षित जातींची वेगळी यादी नाही. त्यामुळे वड-पिंपळ जसे संरक्षित, तसेच दक्षिण अमेरिकेतून आलेला पर्जन्यवृक्ष आणि मादागास्करचा गुलमोहरही. ‘ते तर परदेशी झाड’ ही सबब चालत नाही. तोडण्याआधी वृक्ष अधिकाऱ्याची, म्हणजे व्यवहारात महापालिकेच्या उद्यान विभागाची किंवा नगरपालिकेची, लेखी परवानगी लागते. फांद्या छाटण्यापूर्वीही तिथेच विचारावे.

‘तोडणे’ या शब्दाचा अर्थही कायद्याने व्यापक ठेवला आहे. जाळणे किंवा कोणत्याही प्रकारे झाडाला इजा करणे त्यात मोडते. खोडाला भोके पाडून अॅसिड ओतणे, बुंध्याशी कचरा पेटवणे, खोडाभोवती सालीचा पट्टा सोलून काढणे हे छुपे मार्ग म्हणूनच गुन्हा ठरतात. साल सोलली की पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही. वरचा पर्णसंभार काही काळ हिरवा दिसतो. मुळे मात्र उपाशी राहून मरतात. मुळेच मेली, की झाडाचा आधार जातो आणि जे झाड उभे होते ते खरोखरच धोकादायक होते.

दुसरा प्रश्न वयाचा. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ हा दर्जा मिळाला. तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अटही आली. म्हणजे साठ वर्षांच्या चिंचेच्या बदल्यात साठ रोपे. पण उभ्या झाडाचे वय कसे कळणार? जमिनीपासून साधारण १.३७ मीटर उंचीवर खोडाचा घेर मोजतात आणि त्या जातीच्या वाढीच्या वेगावरून अंदाज बांधतात. नुसत्या घेरावर विसंबणे मात्र फसवे. पर्जन्यवृक्ष झपाट्याने फुगतो, चिंच सावकाश वाढते. सारख्याच घेराच्या दोन झाडांच्या वयात काही दशकांचे अंतर असू शकते. खोडातली वर्तुळे मोजायची म्हटली, तर सागात ती स्पष्ट असतात. उष्ण प्रदेशातल्या कित्येक झाडांत ती धड दिसतही नाहीत. इमारतीचे जुने फोटो आणि वडीलधाऱ्यांच्या आठवणी इथे उपयोगी पडतात.

गावाकडे नियम वेगळा. तिथे १९६४ चा वृक्षतोड विनियमन कायदा आहे आणि त्यात अनुसूचित झाडांची यादी आहे. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, खैर, चंदन, मोह, हिरडा, ऐन, किंजळ, अंजन ही त्यातली ओळखीची नावे. आपल्याच बांधावरचा, आजोबांनी लावलेला आंबा असला तरी परवानगी लागते. कोणत्या जातीला कुठे सवलत आहे हे बदलत राहते, म्हणून ऐकीव माहितीवर न जाता वन विभागाच्या जवळच्या कार्यालयात विचारावे. खाडीकाठच्या तिवरांचा प्रश्न आणखी नाजूक आहे. त्यांना उच्च न्यायालयाच्या आदेशांचे कडक संरक्षण आहे.

तिसरी चौकशी झाडावर राहणाऱ्यांची. बगळे आणि रातबगळे पावसाळ्यात मोठ्या झाडांवर वसाहतीने घरटी करतात. नेमक्या त्याच दिवसांत छाटणी झाली, तर उडता न येणारी पिल्ले रस्त्यावर पडून मरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पक्ष्यांची घरटी व अंडी नष्ट करणे ‘शिकारी’च्या व्याख्येत घातले आहे. करवत लावण्याआधी मान वर करून पाहायला पाच मिनिटे पुरतात.

मग धोकादायक झाडाचे काय? माणसाच्या जिवाला धोका असेल तर कायदा आडवा येत नाही. मेलेले, रोगट किंवा जीवित-वित्ताला धोकादायक झाड हे परवानगीचे मान्य कारण आहे. फक्त तो धोका खरा आहे का, हे तपासावे लागते. झाड पोकळ आहे म्हणजे ते मेले असे नव्हे. गाभ्याचे लाकूड मृतच असते. पाणी वाहून नेण्याचे काम बाहेरचा थर करतो. काळजीची लक्षणे निराळी. अलीकडेच आलेला कल, त्याच्या विरुद्ध बाजूला उचलली गेलेली माती, बुंध्याशी उगवलेल्या कडक अळंब्या, फांदीच्या बेचक्यात वाढत चाललेली चीर. यांपैकी काही दिसले तर फोटोसह तत्काळ कळवावे. झाड कोसळण्याच्या बेतात असेल तर अग्निशमन दलाला बोलवावे.

पुष्कळदा दोष झाडाचा नसतोही. बुंध्यापर्यंत केलेले काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक मुळांना हवा-पाणी मिळू देत नाहीत. केबलसाठी खोदलेला चर आधाराची मुळेच कापून जातो. झाडांभोवती निदान एक मीटर जागा मोकळी करावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीसाठी सांगितले होते. अनेक सोसायट्यांत तेवढे केले आणि वाळक्या फांद्या जाणकाराकडून काढून घेतल्या, तर तोडण्याचा विषयच उरत नाही.

परवानगीचा अर्ज केला, की झाडावर नोटीस लागते, वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते आणि शेजाऱ्यांना हरकत घेता येते. यात दिवस जातात, म्हणून मेच्या अखेरीस नव्हे, तर फेब्रुवारी-मार्चमध्येच अर्ज करावा. आणि झाडे तोडणारा दारात आला, तर त्याला आधी एकच कागद मागावा. तो नसेल, तर रविवारची पहाट झोपण्यात घालवलेली बरी.