घरून काम करताय? मग तुमची वेळ कोण राखतो?

"घरीच आहेस ना, मग जरा गॅसचा नंबर लाव. आजीला दवाखान्यात घेऊन जा. तुझं ते काम काय, आल्यावर कर की!"

मंगळवेढ्यात घरी बसून लॅपटॉपवर चार पैसे मिळवणाऱ्या प्रत्येकाने हे ऐकलेले असते. मी अनुवादाचे आणि मजकूर तपासण्याचे काम घरून करतो, त्यामुळे मीही रोजच ऐकतो. घरच्यांचे चुकते असे नाही. सकाळी डबा घेऊन बाहेर पडतो तो कामाला जातो, एवढेच त्यांनी आयुष्यभर पाहिले आहे. पत्र्याखाली खाटेवर बसून बटणे दाबणारा पोरगा कामावर आहे, हे त्यांनी कशावरून ओळखायचे?

समाजातली अनेक मुले-मुली आज फ्रीलान्सिंगकडे, म्हणजे नोकरी न धरता कामागणिक पैसे घेण्याकडे वळत आहेत. कोणी हिशेब लिहितो, कोणी डिझाइन करतो, कोणी व्हिडिओ जोडतो. आपल्यासाठी या मार्गाला एक वेगळा अर्थ आहे. कोलंबियात शिकून आलेल्या बाबासाहेबांनी बडोद्याची नोकरी सोडल्यावर मुंबईत शिकवण्या घेतल्या आणि शेअरबाजारातील गुंतवणुकीबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक तुटले आणि तो व्यवसाय बंद पडला. ही १९१७-१८ च्या सुमाराची गोष्ट. आज दूरच्या शहरातला ग्राहक आधी काम पाहतो, वस्ती विचारत नाही. आडनाव दिसतेच, त्यामुळे सगळे मिटले असे मी म्हणणार नाही. पण दार थोडे उघडले आहे, आणि अशा वेळी केवळ घरात वेळ मिळत नाही म्हणून काम हातचे जाणे परवडणारे नाही.

माझे असेच एक काम गेले. मे महिन्यातली दुपार, पत्रा तापलेला, घरात पाहुणे. संध्याकाळपर्यंत द्यायचा मजकूर मी दुसऱ्या दिवशी दुपारी दिला. ग्राहक भांडला नाही. त्याने पुन्हा काम दिले नाही, इतकेच.

त्यानंतर मी घरून काम करण्याविषयीचे सल्ले शोधून वाचले. वेगळी खोली ठेवा, दार बंद करा, चांगली खुर्ची घ्या. दोन खोल्यांत सहा माणसे राहतात तिथे बंद करायला दार कोणते, हे त्यात कुठे सापडले नाही. उत्तर मिळाले ते बाबासाहेबांच्या चरित्रात, आणि तो प्रसंग आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेला आहे.

हायस्कुलात असताना भीमराव परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत होते. त्याच खोलीत चूल, भांडीकुंडी, माणसे, आणि कोपऱ्यात बांधलेली शेळी. रामजी सुभेदारांनी त्यावर तोडगा काढला तो असा. मुलाला लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे, दोनला मुलाला उठवायचे आणि मग आपण झोपायचे. आपण हा प्रसंग सांगतो तो बाबासाहेबांच्या कष्टांचा म्हणून. तो आहेच. पण मला आता त्यात वडिलांचे जागणे जास्त दिसते. जागा वाढवता येत नव्हती, म्हणून त्यांनी वेळ वाटून घेतली, आणि ठरलेली वेळ घरातल्या मोठ्या माणसाने राखली. एकट्या मुलाच्या जिद्दीवर ते भागले नसते.

म्हणून घरून काम करणाऱ्याने पहिली बैठक घरच्यांबरोबर घ्यावी. ॲप आणि वेळापत्रके नंतर. आई-वडिलांना पैसे कुठून येतात ते दाखवा. बँकेत जमा झालेल्या रकमेचा मेसेज वाचून दाखवला की पुढचे बोलणे सोपे जाते, हा माझा अनुभव आहे. मग दिवसातले चार तास मागून घ्या. आठ मागू नका, मिळणार नाहीत. त्या चार तासांत कशासाठी हाक मारायची आणि कशासाठी नाही, हेही ठरवा. आजारपण असेल तर जरूर हाक मारा. नळाला पाणी आले तर आमच्याकडे आता धाकटा भाऊ उठतो.

तास कोणते निवडायचे? सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या घरात दुपारी डोके चालत नाही आणि लॅपटॉपही तापतो. त्यामुळे लिहिण्याचे, हिशेबाचे, चूक चालणार नाही असे काम पहाटे चार ते आठ या वेळात ठेवावे. दुपारी फोन, बिले, फायली लावणे अशी हलकी कामे. परदेशी ग्राहक असेल तर पहाटेचा आणखी एक फायदा आहे. आपल्याकडे पहाटेचे पाच वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसात आणि हिवाळ्यात साडेसहा वाजलेले असतात. त्यांची सकाळ उजाडण्याआधी काम पोहोचलेले असते.

विजेचे थोडक्यात सांगतो. लॅपटॉपला बॅटरी असते, पण वीज गेली की राउटर बंद पडतो. राउटरपुरता छोटा यूपीएस मिळतो, तो घ्यावा. चालू कामाची प्रत लॅपटॉपवरच उतरवून ठेवावी, म्हणजे नेट नसले तरी हात थांबत नाही.

आता जरा अडचणीचे बोलतो. वरचे सगळे मुलाला जमते. पण सुनेने किंवा मुलीने लॅपटॉप उघडला तर? पहाटे चार ते आठ म्हणजे तिच्या चुलीची, डब्यांची, शाळेच्या तयारीची वेळ. तिला रामजींसारखे जागून वेळ राखून देणारे कोण आहे? बाबासाहेब बी. आय. टी. चाळीत राहून अभ्यास, वकिली आणि चळवळ करत होते तेव्हा घराचा सगळा भार रमाईंनी ओढला, आणि ते आपण दरवर्षी २७ मे रोजी त्यांच्या स्मृतिदिनी सांगतो. घरातली बाई कमावू लागली की तो भार पुरुषांनी उचलायचा असतो, हे मात्र भाषणात राहते. बायको घरून काम करत असेल तर सकाळचे डबे नवऱ्याने करावेत. यात समजावून सांगण्यासारखे दुसरे काही नाही.

कामाचा मोठा वेळ खाणारी दुसरी गोष्ट म्हणजे पैशांसाठी केलेले फोन. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी करा, ती ऑनलाइन आणि मोफत आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार खरेदीदाराने लेखी ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. काही ठरले नसेल तर ही मुदत १५ दिवसांची आहे. उशीर झाला तर व्याज लागते. भारतातल्या ग्राहकाला बिल पाठवताना उद्यम क्रमांक आणि मुदत त्यावर लिहा. काही जण तेवढ्यानेच पैसे सोडतात.

आणि "आधी नमुना म्हणून करून द्या" असे सांगून दहा-दहा पाने फुकट करून घेणारे असतात, त्यांना नाही म्हणा. अर्धे पान पुरेसे आहे. संत चोखामेळा याच मंगळवेढ्यात १३३८ मध्ये गावकुसाच्या कामावर असताना कोसळलेल्या भिंतीखाली गेले, असे परंपरा सांगते. गावाने राबवून घ्यायचे आणि मोबदल्याचे नाव काढायचे नाही, ही वेठ आपल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसली. तिची सवय आपल्या बोलण्यात अजून उरली आहे. पैसे मागताना आवाज बारीक होतो तो त्यामुळेच, असे मला वाटते.

एप्रिलचा प्रश्नही दरवर्षी येतो. जयंतीची तयारी, वर्गणी, मिरवणूक, स्पीकर. त्या दिवसांत काम होणार नाही, हे मान्य करून मार्चमध्येच ग्राहकांना तारखा कळवाव्यात. जयंतीला जायचे आणि कामही करायचे असा हट्ट धरला की दोन्हीकडे नुसती हजेरी लागते.

शेवटी विहार समित्यांना एक विनंती. वर्षावासात तीन महिने संध्याकाळी ग्रंथवाचन होते, पौर्णिमेला वंदना होते. पण बऱ्याच वस्त्यांत इतर दिवशी दुपारी विहाराला कुलूप असते. तिथे सावली असते, पंखा असतो आणि शांतता असते. चार टेबले, खुर्च्या, विजेचे बोर्ड आणि नेटची जोडणी एवढी सोय केली, तर घरात जागा नसलेल्या दहा-बारा मुला-मुलींना सकाळी दहा ते पाच बसता येईल. विजेच्या बिलासाठी प्रत्येकाने महिन्याला थोडी रक्कम द्यावी. मुलींसाठी जागा राखून ठेवावी आणि किल्ली एखाद्या निवृत्त शिक्षकाकडे असावी. आमच्या वस्तीत हा विषय पुढच्या पौर्णिमेच्या बैठकीत मांडणार आहे. टेबले कोण देणार, हे अजून ठरायचे आहे.