जोडून सुट्टी आली, पुणे रस्त्यावर आले!

आपल्या घरी सुट्टी काही कॅलेंडर पाहून येत नाही. गाईला रविवार कळत नाही. सणाच्या दिवशीही पहाटे धार काढावीच लागते. शहरातल्या नोकरदाराचे मात्र सारे लक्ष लाल आकड्यांवर. २०२५ साली १५ ऑगस्ट शुक्रवारी आला. शनिवार-रविवार जोडून तीन दिवस मिळाले. अशी सुट्टी आली, की पुणेकर मुलेबाळे गाडीत बसवून निघतोच.

जायचे कुठे? लोणावळा, सिंहगड, पानशेत, मुळशी, नाहीतर महाबळेश्वर. ठिकाणे तीच, दिवस तोच आणि निघण्याची वेळही तीच! मग बोरघाटात आणि खंबाटकीत गाड्यांची रांग लागते. मुले तहानेने रडतात, बायामाणसांची कुचंबणा होते, चढावर इंजिने तापतात. मुक्कामी पोहोचावे तर खोलीचे भाडे वाढलेले. विसाव्यासाठी गेलेला माणूस सोमवारी कामावर जातो तो आंबलेल्या अंगाने.

रस्त्याकडेच्या गावांनाही हा ताप चुकत नाही. दुधाची गाडी अडकते, आजाऱ्याला दवाखान्यात नेता येत नाही. भातखाचरात फुटलेली बाटली पडली, तर पाय कापतो तो शेतकऱ्याचा.

पण सर्वांत मोठा धोका पाण्याचा. ३० जून २०२४, रविवार. लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात पाणी एकाएकी वाढले आणि पुण्याच्या हडपसर भागातील एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांत चार मुले होती. पुढच्याच वर्षी १५ जूनला, तोही रविवारच, मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला. चौघे दगावले.

वर डोंगरात पाऊस झाला, की खाली उघडीप असतानाही ओढा फुगतो. पाणी गढूळ झाले, काटक्या-पाचोळा वाहून येऊ लागला, की काठ सोडायचा, हे आपल्या पोरांनाही ठाऊक असते. शहरातल्या माणसाला ते कोण सांगणार? म्हणून पाण्यात उतरणारा पाहुणा दिसला, तर "आपल्याला काय त्याचे" म्हणू नका; दोन शब्द बोला. तो रागावला तरी चालेल.

पुण्यात तुमचा मुलगा, लेक-जावई, भाचा असेल, तर त्यांनाही चार गोष्टी कळवा. गर्दीच्या दिवशी घाट टाळा, पुढच्या साध्या शनिवारी जा. निघालाच, तर उजाडण्यापूर्वी निघा. पाणी आणि भाकरी बरोबर घ्या. जमेल तिथे एसटीने जा. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धेच तिकीट पडते.

आणि सरळ गावाकडेच या म्हणावे! ओट्यावर झोपा, मुलांना गोठा दाखवा, शेतातून एक फेरी मारा. मात्र एक अट घाला. पाहुण्यांची सुट्टी म्हणजे घरच्या लक्ष्मीला दुप्पट काम, असे होता कामा नये. लेकीने भाकरी थापाव्यात, जावयाने पाणी भरावे, नातवंडांनी शेण उचलावे. मग सुट्टी सगळ्यांचीच होईल.