बंदुकीचा परवाना आणि शिकारीची मुभा

घरात शिकारीची परंपरा नाही, हाताशी धरणारा उस्ताद नाही, अशा औरंगपुऱ्यातील एखाद्या होतकरू तरुणाचा शिकारकथा वाचून असा समज होतो, की बंदुकीचा परवाना मिळाला म्हणजे शिकारीचीही मुभा मिळाली. परंतु मोटार चालविण्याच्या परवान्याने परक्याच्या शेतातून गाडी नेण्याचा हक्क जसा प्राप्त होत नाही, तसेच हे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अनुसूचीतील (संरक्षित प्राण्यांच्या यादीतील) जनावरांच्या शिकारीस मनाई केली असून फास लावणे, हाकारा घालणे, किंबहुना नुसता प्रयत्नही शिकारीतच मोडतो. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरासाठीसुद्धा वनखात्याचा सकारण लेखी हुकूम लागतो. चिखलातला खूर ताजा की शिळा हे पारखण्याची विद्या मात्र गौताळा अभयारण्यात रीतसर प्रवेश घेऊन निःशस्त्रही शिकता येते, आणि मला तरी नेमबाजीहून तीच दुष्कर वाटते.