मेणवलीच्या घाटावर शेरा

कुत्र्यांचे फोटो काढण्याची बाहेरची कामं मी डिसेंबर-जानेवारीत जास्त घेते. उन्हाळ्यात घाटाचा दगड लवकर तापतो आणि कुत्र्याचे तळवे पोळतात. आज पहाटे साडेचारला पुणं सोडलं. पिशवीत जुना यशिका-मॅट 124जी कॅमेरा, 120 चे फिल्मरोल, उकडलेली कोंबडी, पाण्याचं भांडं आणि एक घोंगडी.

साडेसहाला मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा आणि खाली कृष्णेचा घाट. इथे आले की आधी पुजाऱ्यांना विचारते, आणि कुत्रा देवळांकडे नेत नाही. खालच्या पायऱ्या पुरतात. मग साफसफाई. प्लास्टिकच्या बाटल्या, गुटख्याच्या पुड्या, कुणाचा वाळत घातलेला टॉवेल, सगळं चौकटीबाहेर. आजचा कुत्रा शेरा; त्याचा चमकता नायलॉनचा पट्टा काढून साधी सुती दोरी बांधली. पाणी जवळ असल्यामुळे दोरी सोडत मात्र नाही. जुन्या धाटणीच्या फोटोचं निम्मं काम इथेच होतं. जुनेपणा वरून चढवायचा नसतो, आजचं जे दिसतंय ते बाजूला करायचं असतं.

सातच्या सुमारास उजाडलं. शेरा कारवान जातीचा, लांब पायांचा, अंगावर चरबी नावाला नाही. त्याचे मालक म्हणाले, "ताई, बसायला सांगू का त्याला?"

"नको काका, उभाच राहू दे. त्याला दगडावर बसणं जड जातं."

घोंगडी त्याच्या थंडीसाठी आणली होती. तिचा काळा-करडा रंग फोटोतही शोभतो. कॅमेरा मात्र अजून पिशवीतच. आधी त्याने सगळ्या पायऱ्या हुंगायच्या, पाण्याकडे कान टवकारायचे, माझे हात चाटायचे. ही वेळ वाचवायला गेलं की फोटोत भेदरलेले डोळे येतात, आणि ते कुठल्याही रंगाने लपत नाहीत.

साडेसातपासून खरं काम. यशिकात वरून, पोटाशी धरून बघायचं असतं. मी पायरीवर गुडघे टेकले की भिंग थेट शेराच्या डोळ्यांच्या उंचीवर येतं. आणि माझी नजर खाली, कॅमेऱ्याच्या काचेवर असते. अनोळखी माणसाने रोखून पाहणं कुत्र्याला धमकीसारखं वाटतं; या कॅमेऱ्यामुळे ते आपोआप टळतं. शटरचा आवाजही अगदी बारीक. छायाचित्रकार एलियट अर्विटने 1946 मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर स्वेटर घातलेला चिवावा टिपला तो असाच जमिनीलगत जाऊन. त्यात माणसाचे फक्त पाय दिसतात आणि कुत्रा पुरता माणसाएवढा होतो. मला तो फोटो या कामाचा पाया वाटतो.

काचेवर चित्र डावं-उजवं उलटं दिसतं, म्हणून पळत्या कुत्र्यामागे कॅमेरा फिरवणं अवघड. एका रोलवर बाराच फोटो. त्यामुळे वाट पाहायची. काकांनी पलीकडून हळूच शीळ घातली, शेराने मान वळवली, एका बाजूने चेहरा आला. या कुत्र्यांचं नाक एवढं लांब की समोरून डोळा स्पष्ट धरला तर नाक धूसर होतं. बाजूने दोन्ही सापडतात.

नऊनंतर ऊन कडक होतं. मिसळ खाल्ली, काकांच्या ओसरीत शेरा झोपला.

दुपारी लॅपटॉपवर आधीच्या कामाचे रंग. काळा थोडा विटका, उजेडात पिवळसर छटा, एवढंच. बटण दाबून तपकिरी करून द्या म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणते. जुन्या फोटोंचा सेपिया रंग रसायनाने यायचा. चांदीचं रूपांतर सिल्व्हर सल्फाइडमध्ये झालं की फोटो अधिक टिकायचा. तो टिकण्यासाठी केलेला उपाय होता, त्याची नुसती साल काढून चिकटवणं मला पटत नाही.

साडेचारला सुरूर-वाई रस्त्यालगतची शेतवाट, जवळच मोठे वड. आता काळी लॅब्राडोर, मोती. इथे डिजिटल कॅमेऱ्यावर जुनं सोव्हिएत हेलिओस 44-2 भिंग लावते. छिद्र पूर्ण उघडं ठेवून दोनेक मीटरवर कुत्रा आणि मागे पानांची दाटी असली की ती पानं गोल फिरल्यासारखी दिसतात. फोकस हाताने करायचा, म्हणून मोतीला आधी मनसोक्त पळू दिलं. दमून जीभ काढून बसली तेव्हा फोटो घेतले. काळं अंग पाहून कॅमेरा फसतो आणि जादा उजेड घेतो, तो कमी करावा लागतो.

सहाला ऊन संपलं. कानामागे, बोटांमध्ये गोचीड आहेत का ते मालकिणीसोबत तपासलं, पाणी पाजलं.

तुम्ही येणार असाल तर त्याच सकाळी कुत्र्याला आंघोळ घालू नका, भरपेट खायला देऊ नका, टोपी-चष्मा घरीच ठेवा. आणि त्याच्या तोंडावर पांढरे केस आले असतील तर फोनवर ते आधी सांगा. म्हाताऱ्या कुत्र्यांना मी पुढच्या महिन्याची तारीख देत नाही, त्याच आठवड्यात वेळ काढते.