एकच थाप, बाकी सगळं खरं

सबमिशनच्या आठवड्यात ज्याच्या उशाशी जर्नलऐवजी पाचशे पानांची कादंबरी सापडते, त्याला हॉस्टेलवर काय काय ऐकावं लागतं हे वेगळं सांगायला नको. "ड्रॅगन, जादू, परग्रहवासी... अरे, लहान आहेस का?" हा ठरलेला प्रश्न. अशा कादंबऱ्या म्हणजे वास्तवापासून पळवाट, अशी बऱ्याच जणांची (आणि काही सरांचीही!) समजूत आहे. म्हणून विज्ञान कादंबरी आणि फँटसी हे प्रकरण आतून चालतं कसं, ते जरा उघडून पाहू.

मूळ नियम साधा आहे. लेखकाला एक मोठी थाप मारायची मुभा असते. पण एकदा ती मारली की तिचे सगळे परिणाम प्रामाणिकपणे निभवावे लागतात. गणितात बाउंडरी कंडिशन एकदा ठरली की पुढे मनमानी चालत नाही, तसंच हे.

अँडी वीअरची 'द मार्शियन' घ्या. वीअर पेशाने प्रोग्रॅमर. आधी त्याने ही कादंबरी स्वतःच्या वेबसाइटवर प्रकरणाप्रकरणाने टाकली, २०११ मध्ये स्वतःच ई-बुक काढलं, आणि २०१४ मध्ये मोठ्या प्रकाशकाकडून ती छापून आली. यातली थाप म्हणजे सुरुवातीचं वादळ. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, त्यामुळे तिथलं वादळ यान पाडू शकणार नाही. लेखकाने हे स्वतःच मान्य केलेलं आहे. पण त्यानंतर? एकटा मागे राहिलेला नायक मेकॅनिकल इंजिनिअर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ. तो उरलेल्या हायड्रॅझिन इंधनातून हायड्रोजन वेगळा काढतो, तो जाळून पाणी करतो, आणि त्या पाण्यावर बटाटे लावतो. मधेच एक स्फोट होतो, कारण आपल्या श्वासातून बाहेर पडणारा ऑक्सिजन त्याने हिशेबात धरलेला नसतो. आपल्या प्रॅक्टिकलला रीडिंग का चुकतं, याचं इतकं चांगलं उदाहरण कुठल्या मॅन्युअलमध्ये सापडेल?

आता कुणी म्हणेल, विज्ञानकथेचं ठीक आहे, पण फँटसीत तर सरळ जादूच असते. असते, पण चांगल्या फँटसीत ती फुकट नसते. ब्रँडन सँडरसनच्या 'मिस्टबॉर्न'मध्ये (२००६) माणसं धातूचे कण गिळून पोटात 'जाळतात' आणि त्यातून शक्ती मिळवतात. पोलाद जाळलं की आसपासच्या धातूला ढकलता येतं. जमिनीवर नाणं टाकून त्याला ढकललं, तर नाणं हलत नाही, माणूस वर उडतो. समोरची वस्तू आपल्यापेक्षा जड असेल, तर आपणच मागे फेकले जातो. न्यूटनचा तिसरा नियमच की हा! आणि पोटातला धातू संपला की शक्तीही संपली.

तिसरं नाव चीनच्या लिऊ त्सिशिनचं. हा गृहस्थ वीज केंद्रात इंजिनिअर म्हणून नोकरी करता करता लिहीत होता. त्याची 'द थ्री-बॉडी प्रॉब्लेम' चिनी भाषेत २००८ मध्ये पुस्तकरूपाने आली, इंग्रजीत २०१४ मध्ये, आणि २०१५ मध्ये तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. अनुवादित कादंबरीला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ. तीन वस्तू एकमेकींना गुरुत्वाकर्षणाने ओढत असतील, तर त्यांची पुढची जागा सांगणारं सर्वसाधारण सूत्र नाही, हे मेकॅनिक्समध्ये आपण एका ओळीत उरकतो. लिऊ विचारतो, तीन सूर्यांच्या ग्रहावर जगणाऱ्यांचं काय? उद्या थंडी की होरपळ, हेच ज्यांना ठाऊक नाही, त्यांची संस्कृती कशी असेल? आणि मग त्यांची नजर आपल्या पृथ्वीकडे वळते.

हे सगळं बाहेरचं झालं. मराठीत काय आहे? बरंच आहे. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला. नारायण धारप, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर ही नावं लायब्ररीच्या रॅकवर शोधा, सापडतील. आणि अर्थातच जयंत नारळीकर. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठवली. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी केली की हे नाव मिळतं. आपलं नाव पाहून परीक्षकांनी झुकतं माप देऊ नये, म्हणून ही खटपट. कथेला पहिलं बक्षीस मिळालं.

त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा तर जरूर वाचा. सीबीएसईवाल्यांनी ती अकरावीला इंग्रजीत 'द ॲडव्हेंचर' म्हणून वाचलीच असेल. थाप एवढीच, की १७६१ साली पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी इथे अंग चाटून निघून जाते. तेवढ्यावरून मराठे जिंकतात आणि पुढचा सगळा हिंदुस्थान वेगळा घडतो. 'वामन परत न आला'मध्ये उत्खननात एका लुप्त संस्कृतीचं ज्ञान हाती लागतं आणि माणसं त्यावरून यंत्रमानव बनवतात. बनवता येतं, म्हणून बनवावं का? कृत्रिम बुद्धिमत्तेवर प्रोजेक्ट करणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न एकदा अंगावर घ्यायला हवा.

खरा मुद्दा इथेच आहे. आपल्याला यंत्र चालेल का, हे तपासायला शिकवतात. ते चाललं, तर काय काय होईल, हे विचारायला फारसं कुणी शिकवत नाही. त्याचा सराव या कादंबऱ्या देतात.

एक नमुना करून पाहू. शिरूर तालुक्यातलं भीमाकाठचं मांडवगण फराटा. नदीपलीकडे दौंड तालुका, अलीकडे पलीकडे ऊस. या पट्ट्यात बिबट्या उसातच राहतो, उसातच पिल्लं घालतो, आणि रात्री मोटार चालू करायला निघालेल्या माणसाचा जीव मुठीत असतो. आता आपली एकच थाप: प्रत्येक बिबट्या कुठे आहे, ते गावातल्या प्रत्येक मोबाइलवर क्षणोक्षणी दिसतं. झालं, प्रश्न सुटला? थांबा. ज्या फडात बिबट्या दिसतो, तिथे ऊसतोड टोळी जाईल का? गेली नाही, तर त्या शेतकऱ्याने काय करायचं? टोळीतल्या ज्या बाईकडे मोबाइलच नाही, तिला कोण सांगणार? रेंज गेली की नकाशा कोरा दिसतो, आणि कोऱ्या नकाशावर विसंबून कुणी बाहेर पडला तर जबाबदार कोण? ॲप बनवणाऱ्याने यातलं काहीच विचारलं नसेल, तर ते शोधायला लेखक लागतो.

ज्यांना जाडजूड इंग्रजी झेपत नाही, त्यांनी 'यक्षांची देणगी'पासून सुरुवात करावी, मग 'वामन', मग 'द मार्शियन'. वाचताना बाजूला एक कागद ठेवा आणि लेखकाने थाप नक्की कुठे मारली, ते शोधा.

नारळीकर सर २० मे २०२५ रोजी गेले. खगोलशास्त्रातला एवढा मोठा माणूस मराठीत गोष्टी लिहीत राहिला, कारण विज्ञान ज्याला येतं त्यानेच ते गोष्टीत आणलं तर ते घट्ट बसतं. भीमाकाठच्या रात्री, लोडशेडिंग आणि उसातली सळसळ ज्याने अनुभवली आहे, आणि ज्याला सर्किटही कळतं, असा मुलगा किंवा मुलगी आपल्याच हॉस्टेलवर असणार. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीहून निघून जगभर गाजला. मांडवगणहून कोण निघतंय, तेवढं पाहायचं!