अनुदान जगण्यासाठी की औषधासाठी?

गेल्या रविवारी विहारातली वंदना आटोपून घरी आलो, तर दारात मायलेक बसलेले. उत्तर नागपूरच्या एका वस्तीतले. मुलगा 24 वर्षांचा, सिकलसेलचा ‘एसएस’ रुग्ण. उजव्या खुब्याचा सांधा निकामी झालेला, कुबडीशिवाय चालता येत नाही. वडील नाहीत. आई बांधकामावर रोजीने जाते. जयभीम झाला, पाणी झाले आणि त्या माउलीने पिशवीतून बिलांचा गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, “वकीलसाहेब, पेन्शन कोनाची हो? माह्या पोराची का त्या औषधवाल्याची?”

वीस वर्षे कोर्टात काळा कोट घालून उभा राहतो. पण या प्रश्नाचे उत्तर मला चटकन देता आले नाही. म्हणून आम्ही दोघांनी मिळून मागच्या महिन्याचा हिशेब मांडला. दवाखान्याच्या दोन फेऱ्या, ऑटोचे 480 रुपये. सरकारी दवाखान्यात “मशीन बंद आहे, बाहेरून करून आणा” म्हणून बाहेर केलेली रक्ततपासणी 450 रुपये. “स्टॉक संपला” म्हणून बाहेरून घेतलेली औषधे 770 रुपये. झाले 1700. त्यात मुलाला दुखण्याचा झटका आला म्हणून आईची चार दिवसांची रोजी बुडाली, साडेतीनशेप्रमाणे 1400. या 1400 ची पावती कुठलाही दवाखाना देत नाही. एकूण 3100. आणि मुलाला मिळणारे अनुदान 2500. म्हणजे घरात पिठाचा डबा उघडण्याआधीच 600 रुपयांची उसनवारी!

सरकार सांगते की आम्ही दिव्यांगांचे अनुदान वाढवले. खरे आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत जुलै 2023 मध्ये एक हजाराचे दीड हजार झाले आणि ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते अडीच हजार करण्यात आले. दिव्यांग संघटनांनी त्यासाठी रस्त्यावर उतरून लढा दिला, त्यांचे अभिनंदन केलेच पाहिजे. परंतु या हाताने दिलेले त्या हाताने दवाखान्याच्या दारात काढून घेतले जात असेल, तर वाढले ते काय?

हा प्रश्न एका घरापुरता नाही. रक्तातील लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होणे म्हणजे सिकलसेल. या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, असह्य वेदना होतात, रक्त कमी होते आणि पुढे हाडे, फुप्फुसे, मेंदू यांवर आघात होतो. 1956 साली बाबासाहेबांनी नागपुरात आम्हाला धम्मदीक्षा दिली आणि पुढच्या दोनच वर्षांत, 1958 साली, नागपूरच्याच डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. विदर्भात हा आजार आदिवासी आणि बौद्ध समाजात मोठ्या प्रमाणात आढळतो. हे कुठले पूर्वजन्मीचे पाप नव्हे की कुणाचा कोप नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाच्या मुलखात राहिलेल्या माणसांत हा जनुक टिकून राहिला, कारण वाहकाला मलेरियापासून थोडे संरक्षण मिळते. पण आई-वडील दोघेही वाहक असले की प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. केंद्र सरकारने जुलै 2023 मध्ये सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले, त्याचा भर आदिवासी भागावर आहे. ते योग्यच आहे. पण शहरातल्या आमच्या वस्त्यांत जो रुग्ण आज कण्हतो आहे, त्याचे काय?

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. 1995 च्या अपंग कायद्यात सिकलसेल नव्हता. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्यात अपंगत्वाचे 21 प्रकार मान्य झाले आणि सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया हे रक्ताचे आजार त्यात आले. या कायद्याचे कलम 24 प्रत्येक कार्यकर्त्याने वाचले पाहिजे. त्यात अपंगाची पेन्शन वेगळी लिहिली आहे. मोफत औषधे, तपासण्या, शस्त्रक्रिया आणि साधने वेगळी लिहिली आहेत. ज्याला सतत दुसऱ्याचा आधार लागतो त्याच्या मदतनिसाचा भत्ता वेगळा, विमा योजना वेगळी. कलम 25 तर घराजवळ मोफत आरोग्यसेवा देण्याची जबाबदारी सरकारवर टाकते. याचा अर्थ सरळ आहे. पेन्शन जगण्यासाठी आहे आणि औषध सरकारने द्यायचे आहे. कायद्याने दोन वेगळे हक्क दिले, व्यवस्थेने दोहोंचा एक केला आणि तोही अर्धा दिला. त्या माउलीच्या प्रश्नाचे हेच उत्तर आहे.

याच कलमात आणखी एक अट आहे. इतरांना मिळणाऱ्या तत्सम मदतीपेक्षा अपंगाला किमान 25 टक्के अधिक मदत द्यावी. जुलै 2023 मध्ये सर्व निराधारांचे अनुदान दीड हजार झाले, तेव्हा अपंगाचे किमान 1875 व्हायला हवे होते. दिले दीड हजारच. महिन्याला 375 रुपये कमी, सप्टेंबर 2025 पर्यंत 27 महिने. होतात 10,125 रुपये. गरिबाच्या घरात दहा हजार म्हणजे वर्षभराचे औषध असते, मुलीची फी असते. हे पैसे कुणी बुडवले, हे कोण विचारणार? आणि केंद्राचा वाटा तर विचारूच नका. इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंग निवृत्तिवेतन योजनेत केंद्र सरकार 2012 पासून महिन्याला 300 रुपये देते, तेही दारिद्र्यरेषेखालील 80 टक्के अपंगालाच!

सरकारी वकील उठून म्हणतील, कायद्यात “आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत” असे शब्द आहेत. आहेत. पण 2025 साली सामाजिक न्याय विभागाचे सुमारे 410 कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले आणि त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली, तेव्हा ही क्षमता कुठे गेली होती? आमच्या नावाचा निधी दुसरीकडे वळवायचा आणि आमच्या रुग्णाला तिजोरी रिकामी दाखवायची, हा न्याय कोणता?

कुणी म्हणेल, महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे ना? आहे, आणि तिचा उपयोग करून घेतलाच पाहिजे. पण ती मुख्यतः दवाखान्यात भरती झाल्यानंतरची योजना आहे. सिकलसेलच्या रुग्णाला रोजची गोळी लागते, ठरावीक काळाने रक्ततपासणी लागते. घरी बसून सोसलेल्या दुखण्याला पॅकेज नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत झाले. पण केसपेपर मोफत आणि औषध बाहेरून, याला मोफत कसे म्हणायचे? एस.टी.त सिकलसेल रुग्णाला मोफत प्रवास आहे, पण वस्तीतून दवाखान्यापर्यंत एस.टी. जात नाही.

त्याआधीची लढाई प्रमाणपत्राची. चाळीस टक्के अपंगत्व असल्याशिवाय दार उघडत नाही. याच मुलाला पहिल्या तपासणीत “दिसत तर नाही काही” म्हणून परत पाठवले होते. वेदना दिसत नसते, रक्तातला विळा डोळ्यांना दिसत नसतो. आम्ही कलम 59 खाली अपील केले, खुब्याचे एक्स-रे जोडले, तेव्हा कुठे प्रमाणपत्र मिळाले. आणि ते मिळूनही नोकरीच्या आरक्षणात त्याला जागा नाही, कारण कलम 34 च्या यादीत रक्ताचे आजार घातलेलेच नाहीत. म्हणजे नोकरी नाही, म्हणून पेन्शन. आणि पेन्शन औषधाला.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. मजूरमंत्री असताना त्यांच्याच काळात कामगारांच्या आरोग्यविम्याचा अडारकर अहवाल 1944 साली आला आणि त्या पायावर 1948 चा राज्य विमा कायदा उभा राहिला. संविधानाचे अनुच्छेद 41 आजारपण आणि अपंगत्वात सार्वजनिक मदतीचा हक्क सांगते. मार्गदर्शक तत्त्वे कोर्टात लागू करता येत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी हकीम शेख याची केस वाचावी. 1992 साली बंगालमध्ये हा शेतमजूर रेल्वेतून पडला. एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी त्याला दाखल करून घेतले नाही, शेवटी खासगीत 17 हजार खर्च झाले. सर्वोच्च न्यायालयाने 1996 साली सांगितले की, सरकारी दवाखान्याने वेळेवर उपचार नाकारणे हा अनुच्छेद 21 मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि राज्याला भरपाई द्यायला लावली. पैसे नाहीत ही सबब न्यायालयाने ऐकली नाही.

धम्मबांधवांनो, विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता, कुणी विचारत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन काढले, खाटेवर निजवले. मग संघाला बजावले की, ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी. आपल्या किती विहारांत वस्तीतल्या रुग्णांची यादी आहे? जयंतीला डीजे लावायला वर्गणी होते. तिचा एक हिस्सा प्रमाणपत्राच्या शिबिराला का होऊ नये?

दयेची वर्गणी मी मागत नाही. कामे सांगतो. प्रत्येक विहाराने वस्तीतील सिकलसेल रुग्ण आणि अपंगांची नोंद ठेवावी. प्रमाणपत्र नाकारले तर लेखी कारण मागावे आणि अपील करावे. “औषध बाहेरून आणा” म्हटले की ते केसपेपरवर लिहून मागावे, कारण तोच कागद उद्या कोर्टात पुरावा होतो. स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नातून दिव्यांगांसाठी राखायच्या 5 टक्के निधीचा हिशेब माहितीच्या अधिकारात मागावा. लग्नाआधी मुलामुलींची रक्ततपासणी करावी. पत्रिका जुळवणे आपण सोडले, आता रक्ताचा रिपोर्ट पाहायला लाजू नये.

त्या माउलीची बिले मी ठेवून घेतली आहेत. औषधाचा खर्च परत मिळावा म्हणून पहिला अर्ज याच आठवड्यात राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाईल. आपल्या वस्तीतही असा गठ्ठा कुणाच्या तरी पिशवीत असेल. तो बाहेर काढा.

जयभीम!