माळ घातल्यानंतरचे चार दिवस

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाला लोक धाकटी पंढरी म्हणतात. नगद नारायण महाराजांचं हे ठाणं. गळ्यात तुळशीची माळ घातली की माणसानं मांस आणि दारू सोडायची, हे या भागात कुणाला सांगावं लागत नाही. त्या माळेचं मोल मोठं आहे. संध्याकाळी ज्या वेळी पावलं गुत्त्याकडे वळायची, त्याच वेळी हरिपाठ असतो आणि सोबत न पिणारी माणसं असतात. सातारा जिल्ह्यातले कीर्तनकार बंडातात्या कराडकर यांनी याच बळावर व्यसनमुक्त युवक संघाचं काम उभं केलं.

पण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एका दिवसात दारू तोडली, तर पुढचे चार दिवस जिवावर बेतू शकतात. दारू मेंदूला मंद करते. ती रोज येऊ लागली की मेंदू तोल सांभाळायला स्वतःला जास्त चेतवून ठेवतो. शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा प्रभाव घटतो, उत्तेजित करणाऱ्या ग्लुटामेटचा वाढतो. दारू एकाएकी थांबली की नुसती उत्तेजना उरते. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. काहींना दोन-तीन दिवसांनी भास होऊ लागतात, घरची माणसं ओळखू येत नाहीत. घरच्यांना वाटतं बाहेरचं काही झालं, आणि देवऋषी शोधला जातो. खरं तर त्या वेळी दवाखाना गाठायचा असतो. तिथे हळूहळू कमी करत नेलेली औषधं आणि थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, मिळतं. थायामिन वेळेत मिळालं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

एवढं ज्ञान गावातल्या कुणाला तरी असायला हवं. ते शिकवणारी महाराष्ट्रातली मोठी शाळा म्हणजे पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र.

लेखक अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनावर लिहिलेले लेख पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी वाचले आणि व्यसनमुक्तीच्या कामासाठी एक लाख रुपये देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच आवारात केंद्र सुरू झालं. १९९७ मध्ये डॉ. अनिता गेल्या. पुढे काम त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी हाती घेतलं. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयानं मुक्तांगणला प्रशिक्षणाची जबाबदारी दिलेली आहे, आणि इतर व्यसनमुक्ती केंद्रांचे समुपदेशक, परिचारिका, कार्यकर्ते इथे शिकतात.

मुक्तांगणचं वेगळेपण मला त्याच्या माणसांत दिसतं. इथले बरेच कार्यकर्ते स्वतः कधी काळी इथेच उपचार घेऊन गेलेले आहेत. नव्यानं दाखल झालेला माणूस थापा मारू लागला की समोरच्याला त्या सगळ्या पाठ असतात, कारण त्यानंही त्या मारलेल्या असतात. मात्र स्वानुभव पुरत नाही. 'मी मनानं सोडली, तूही सोड' असं म्हणणारा कार्यकर्ता नकळत समोरच्याला नालायक ठरवतो. म्हणून त्याला मेंदू शिकवावा लागतो. नशेनं डोपामिन पुन्हापुन्हा उसळतं. मग बाजाराचा दिवस, हातात पडलेली मजुरी, ठरावीक मित्राचा फोन एवढ्यानंही तल्लफ उठते, आणि सारासार विचार करणारा कपाळामागचा भाग दुबळा पडतो. हे समजलेला कार्यकर्ता परत प्यायलेल्या माणसाला हाकलत नाही. कुठल्या वेळी, कुणासोबत, कशानं पाय घसरला, हे तो शांतपणे विचारतो.

योग, प्राणायाम, संगीत, चित्रं यांची जागाही इथेच कळते. अवचट स्वतः बासरी वाजवत, ओरिगामी करत, लाकडात शिल्पं कोरत, आणि ते सगळं त्यांनी पेशंटांपर्यंत नेलं. ताण हे तल्लफेचं मोठं कारण. श्वास सावकाश केला की ताण उतरतो, हात कामात गुंतले की रिकामी संध्याकाळ सरते. पण फिट येणाऱ्या माणसाला प्राणायाम करायला बसवणं हा गुन्हाच आहे. औषध आधी, आसन नंतर, हा क्रम ज्याला कळतो तोच प्रशिक्षित.

असं काम करायला डॉक्टरच लागतात असं नाही. गोव्यात संगाथ संस्थेनं डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन आरोग्य केंद्रांत बसवलं. त्यांच्या मोजक्या भेटींनीही पिणं कमी होतं, असं २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. गरज केवढी आहे हे एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दिसतं: दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांत एकालाच कसलातरी उपचार मिळाला होता.

बीडची अडचण आणखी निराळी. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. दारू सोडलेल्या माणसाला पहिल्या सहा महिन्यांत पाठपुरावा सगळ्यात जास्त हवा, आणि नेमका तेव्हा तो फडावरच्या कोपीत असतो. शहरातल्या केंद्राची मिटिंग त्याच्या कामाची नाही. त्याच्याच टोळीतला एखादा, तोडणी करणारी एखादी बाई किंवा मुकादमच हे शिकलेला असेल, तर दारू सोडलेला माणूस टिकेल.

नारायणगडासारख्या ठिकाणी माळ घालणारे येतात, त्यांचं घर सोबत येतं, आणि शब्दाला मान असतो. तिथल्या दोन-चार सेवेकऱ्यांना आणि पंचक्रोशीतल्या आशाताईंना हे प्रशिक्षण मिळावं. माळ घालणाऱ्याला त्यांनी एवढंच विचारावं: रोज पितोस का, आणि न प्यायल्यास सकाळी हात थरथरतात का? उत्तर हो आलं, तर माळ घालावीच, पण त्याच दिवशी त्याला सरकारी दवाखान्यातही न्यावं. घरात असं कुणी असेल तर १४४४६ या व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. तो मोफत आहे.